ऑपरेशनमध्ये हृदय थांबवतात, तेव्हा मशीनजवळ कोण असतं?

भाऊ, तुम्ही घाटंजीकडून लिहिलेलं सगळं नीट वाचलं. आईचं वय ४६, वजन ४२ किलो, उंची दीडशे सेंटिमीटर, हिमोग्लोबिन ९. लहानपणी सांधेताप झालेला, त्यानं हृदयाची मायट्रल झडप आकसत गेली आणि आता नागपूरला ती बदलायचं ठरलंय. संमतीपत्र वाचून दाखवताना ‘हृदय काही वेळ बंद ठेवून शरीर मशीनवर चालवलं जाईल’ हे वाक्य आलं आणि तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ती मशीन कोण चालवतं, तो माणूस नेमकं काय करतो, आणि मधेच लाईट गेली तर काय?

मी हेच काम करते. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मी, आणि २१ वर्षं झाली या मशीनसमोरच्या खुर्चीवर बसते. आमच्या कामाला परफ्युजनिस्ट म्हणतात. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यालाच धरून आहे: मशीनला तुमची आई माहीत नसते. तिचं रक्त किती, पातळ किती, तिला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे परफ्युजनिस्टला आदल्या दिवशीच माहीत करून घ्यावं लागतं. त्यात तुमचा वाटा मोठा आहे. तो कसा, ते सांगते.

मशीन काय करते ते आधी. छाती उघडल्यावर सर्जन हृदयाकडे येणाऱ्या दोन मोठ्या शिरांत नळ्या घालतात. शरीरभर फिरून आलेलं काळपट रक्त त्या नळ्यांतून माझ्याकडच्या पारदर्शक भांड्यात उतरतं. या भांड्याला आम्ही रिझर्व्हायर म्हणतो. बहुतेक वेळा ते रक्त ओढायला वेगळा पंप नसतो. टेबल वर, भांडं खाली, म्हणून ते उतारानं येतं. उंचावरच्या टाकीतून नळी लावून खालचा ड्रम भरतो, तेच तत्त्व. रक्त कमी येऊ लागलं की मी आधी नळी कुठं दुमडली का ते बघते आणि मग म्हणते, ‘टेबल थोडा वर घ्या.’ भांड्यातून पंप ते रक्त ऑक्सिजनेटरमध्ये ढकलतो. त्यात केसासारख्या बारीक पोकळ तंतूंची जुडी असते. तंतूंच्या आतून वायू जातो, बाहेरून रक्त. तिथं ते कार्बन डायऑक्साइड सोडतं, ऑक्सिजन घेतं, आणि आत जाताना जांभळट असलेलं बाहेर येताना लालभडक होतं. मशीन सुरू झाल्यावर माझी नजर आधी त्या लाल रंगावर जाते, आकड्यांवर नंतर. रक्त गार-गरम करण्याची सोयही तिथंच असते. मग एका बारीक गाळणीतून ते रक्त महारोहिणीत, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिनीत परत जातं.

तुमच्याकडे शेतात विहीर आणि मोटर असेलच. मोटरीनं हवा धरली की ती नुसती फिरते, पाणी येत नाही. मग पाईपात वरून पाणी ओतून हवा काढावी लागते. आमच्या शिरेच्या नळीत हवा शिरली की अगदी तेच होतं, रक्ताचा उतार तुटतो. ते निस्तरता येतं. पण महारोहिणीकडे जाणाऱ्या नळीत बुडबुडा गेला तर तो मेंदूत जाऊन अडकू शकतो. म्हणून आमचा निम्मा जीव हवेवर लक्ष ठेवण्यात जातो. ऑपरेशनच्या दिवशी मी साडेसहाला थिएटरात असते. नळ्या जोडून झाल्या की आधी त्यांतून कार्बन डायऑक्साइड सोडते, कारण तो द्रवात पटकन विरघळतो, साध्या हवेसारखा चिकटून बसत नाही. मग सलाईनसारखा द्रव भरून तो गोल-गोल फिरवत ठेवते आणि ऑक्सिजनेटरला तळव्यानं हलके थापटते. कोपऱ्यात लपलेले बुडबुडे एक-एक करून वर येतात. प्रत्येक जोडावर बोट फिरवते. ही पाच-दहा मिनिटं मी कुणाशी बोलत नाही, आणि आमच्या थिएटरातली मंडळीही तेव्हा मला हाक मारत नाहीत.

आता तुमच्या आईचा हिशेब करून दाखवते. खरा निर्णय तिथली टीम घेईल, पण पद्धत कळली की तुमची भीती थोडी कमी होईल. दीडशे सेंटिमीटर उंची आणि ४२ किलो वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ निघतं १.३२ चौरस मीटर. दर चौरस मीटरला मिनिटाला २.४ लिटर धरलं तर तिच्यासाठी पंप मिनिटाला साधारण ३.२ लिटरवर चालवावा लागेल. रक्त मशीनमध्ये गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यायचं. ते किलोमागे ३०० ते ४०० युनिट, म्हणजे साडेबारा ते सतरा हजार युनिटच्या दरम्यान. इथवर सोपं आहे.

अवघड आहे ते हिमोग्लोबिनचं. किलोमागे ६५ मिली धरलं तर तिच्या अंगात रक्त २.७ लिटरच्या आसपास. हिमोग्लोबिन ९ म्हणजे त्यात तांबड्या पेशींचा वाटा २७ टक्के. आता माझं भांडं, नळ्या, ऑक्सिजनेटर भरायला लागतो १.२ लिटर द्रव, आणि मशीन सुरू होताच तो सगळा तिच्या रक्तात मिसळणार. २७ टक्के एका क्षणात १९ च्या खाली येतात. दुधात पाणी घातल्यासारखं. आम्ही मशीनवर २१ च्या खाली सहसा जाऊ देत नाही, २४ च्या जवळ असलेलं बरं. मग काय करायचं? लहान नळ्यांचा संच लावायचा. मशीन सुरू करण्याआधी तिचंच रक्त हळूच नळ्यांत घेऊन आतला ३००-३५० मिली द्रव बाहेर काढून टाकायचा. नुसता द्रव काढून तांबड्या पेशींचा वाटा साडेवीस टक्क्यांपर्यंतच पोचतो. म्हणून बहुधा एखादी रक्ताची पिशवी मशीनमध्येच घालावी लागेल, आणि जादा पाणी गाळून काढणारी एक वेगळी गाळणीही आम्ही जोडतो.

त्यामुळे तुम्हाला माझा पहिला आग्रह असा, की ऑपरेशन तातडीचं नसेल तर हिमोग्लोबिन वाढवण्याबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. लोहाच्या गोळ्या, गरज पडली तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन. काही आठवडे मिळाले तरी फरक पडतो. आपल्याकडच्या बायका घरादाराचं करून उरलंसुरलं खातात, कापूस वेचायला दिवसभर उन्हात असतात, आणि ९ हिमोग्लोबिन घेऊनही ‘मले काही नाही झालं’ म्हणतात. मी अशा कितीतरी माउलींचा हिशेब आदल्या रात्री वहीत मांडलाय. दर वेळी वाटतं, हे दोन महिने आधी कुणी बघितलं असतं तर!

दुसरा आग्रह सिकलसेलचा, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या तांबड्या पेशींच्या आजाराचा. पुण्या-मुंबईच्या आमच्या सोबत्यांपेक्षा विदर्भात काम करणाऱ्याला हा प्रश्न जास्त वेळा विचारावा लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यात सिकलसेल खूप घरांत आहे. सिकलसेलच्या पेशीला तीन गोष्टी सोसत नाहीत: थंडी, ऑक्सिजनची कमतरता आणि रक्तातलं आम्ल. यांपैकी काहीही झालं की पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते. आणि हृदयाच्या ऑपरेशनमध्ये आम्ही काय करतो? शरीर थंड करतो, रक्ताचा वेग बदलतो, हृदयाचा रक्तपुरवठा काही वेळ थांबवतो. म्हणजे पेशीला नको असलेलंच सगळं. एसएस असलेल्या, म्हणजे पूर्ण सिकलसेल असलेल्या रुग्णाला आधी रक्त बदलून वाईट हिमोग्लोबिनचा वाटा खाली आणतात. साधारण ३० टक्क्यांच्या खाली आणण्याचा प्रयत्न असतो. मशीनवर त्याला थंड न करता अंगाच्या नेहमीच्या तापमानालाच ठेवतो, ऑक्सिजन आणि आम्लाचं प्रमाण वारंवार तपासतो. एएस, म्हणजे नुसता वाहक असेल, तर बहुतेक वेळा काळजी घेऊन निभावतं. पण माहीत असेल तर ना.

काही वर्षांपूर्वी गडचिरोलीकडचा एक १९ वर्षांचा मुलगा आला होता. हृदयाच्या पडद्याला भोक, बाकी धडधाकट. यादीत दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला नंबर. संध्याकाळी वॉर्डात त्याच्याजवळ बसले आणि विचारलं, लहानपणी हातपाय दुखायचे का रे? तो म्हणाला, ‘हाव, थंडीत लय दुखे. आजी शेकून देये.’ कागदात कुठंही सिकलसेलची नोंद नव्हती. त्याच संध्याकाळी रक्ताची साधी चाचणी लावली, ती पॉझिटिव्ह आली. पुढची तपासणी केली तेव्हा एसएस निघाला. ऑपरेशन पुढे ढकललं, तयारी केली, आणि मग सगळं नीट पार पडलं. तुम्ही आईच्या माहेरच्या माणसांना विचारा. कुणाला सिकलसेल आहे का, कुणी लहान वयात कावीळ आणि अंगदुखीनं गेलं का. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. गावातल्या आशाताईंना आणि आरोग्य केंद्रात विचारा, आईची तपासणी आधी झाली असेल तर कागद मिळेल. नसेल तर हृदयाच्या डॉक्टरांना सांगून करून घ्या.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. भूल दिल्यावर, छाती उघडल्यावर सर्जन म्हणतात, ‘हेपॅरिन द्या.’ भूलतज्ज्ञ देतात आणि मोठ्यानं सांगतात, ‘हेपॅरिन गेलं.’ तीन मिनिटांनी मी थोडं रक्त घेऊन ते गोठायला किती वेळ लागतो हे एका छोट्या यंत्रावर बघते. एरवी साधारण दोन मिनिटांत गोठतं. मला ते ४८० सेकंदांच्या वर, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त हवं असतं. तो आकडा दिसल्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही, समोर कितीही मोठे सर्जन असोत. आधी कुठं आठ-दहा दिवस हेपॅरिन चालू असेल तर कधी कधी नेहमीचा डोस पुरत नाही, आकडा चढतच नाही. म्हणून आई मधे यवतमाळला किंवा आणखी कुठं भरती होती का, तिथं पोटावर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली होती का, हे डिस्चार्ज कार्डासकट सांगा.

नळ्या लागल्या, हवा नाही याची खात्री झाली, की सर्जन म्हणतात ‘ऑन बायपास’, म्हणजे आता शरीर मशीनवर घ्या. मीही तोच शब्द परत म्हणते. आमच्याकडे ही शिस्त आहे. सांगितलेलं प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्यानं परत म्हणायचं, म्हणजे चुकीचं ऐकलं गेलं तर तिथंच कळतं. पंप हळूहळू चढवत मी पूर्ण वेगावर येते आणि सांगते, ‘फुल फ्लो.’ तेव्हा भूलतज्ज्ञ श्वासाची मशीन थांबवतात. मग महारोहिणीवर चिमटा लागतो आणि मी हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांत पोटॅशियम असलेलं थंड द्रावण सोडते. त्याला कार्डिओप्लेजिया म्हणतात. एक-दोन मिनिटांत मॉनिटरवरची रेघ डुलत-डुलत सपाट होते.

ती सपाट रेघच तुम्हाला घाबरवते ना? पण ती आम्हीच आणलेली असते, आणि हृदयाला तेव्हा विश्रांती असते. पोटॅशियमनं थांबलेलं गार हृदय फार कमी ऑक्सिजनवर तग धरतं. नेहमीचं द्रावण दर २०-३० मिनिटांनी परत द्यावं लागतं, काही द्रावणं तासभर किंवा त्याहून जास्त पुरतात. माझ्याजवळ त्याचं वेगळं घड्याळ असतं आणि वेळ झाली की मी सर्जनना आठवण देते, ते टाके घालण्यात कितीही गुंतलेले असले तरी. त्या वेळात मनगटाला हात लावला तर नाडी लागणार नाही, कारण पंप ठोके देत नाही, सतत धार देतो. पण मेंदू, मूत्रपिंडं, यकृत सगळ्यांना रक्त जात असतं. ते पुरतंय की नाही हे मी कशावरून ठरवते? सरासरी रक्तदाब ५० ते ८० मध्ये आहे का. परत येणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती उरलाय. दर अर्ध्या तासाला रक्ताची वायूतपासणी आणि गोठण्याची वेळ. आणि लघवी. लघवीच्या पिशवीत थेंब पडत राहिले की मला धीर येतो, कारण मूत्रपिंडं खोटं बोलत नाहीत.

या सगळ्या वेळात माझा एक डोळा भांड्यातल्या पातळीवर असतो. तुमच्या आईच्या वेगानं सांगते: मिनिटाला ३.२ लिटर म्हणजे सेकंदाला ५० मिलीच्या वर. भांड्यात ४०० मिली रक्त असेल आणि वरून येणं अचानक थांबलं, तर ते रिकामं व्हायला सात-आठ सेकंद. त्यानंतर पंप हवा ढकलेल. पातळी खाली गेली की ओरडणारा सेन्सर असतो, बुडबुडा दिसला की पंप थांबवणारा सेन्सरही असतो. ते असावेतच. पण सेन्सर वाजायच्या आधी हात नॉबवर गेलेला असावा, असं माझ्या शिकवणाऱ्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. म्हणूनच मशीन चालू असताना परफ्युजनिस्ट खुर्ची सोडत नाही. दुसऱ्या परफ्युजनिस्टच्या हाती दिल्याशिवाय पाणी प्यायलाही नाही.

पांढरकवड्याकडच्या एका आजीनं मला आदल्या दिवशी विचारलं होतं, ‘काऊन वो बाई, माहं काळीज बंद करसान तं मी कोठी राहीन?’ मी म्हटलं, ‘माय, तू माझ्याजवळ राहशील. मी खुर्चीवरून उठणार नाही.’ मला तेव्हा याहून चांगलं उत्तर सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही.

लाईटचं. तुमचा हा प्रश्न अगदी रास्त आहे, खेड्यात राहणाऱ्यालाच तो आधी सुचतो. मोठ्या रुग्णालयात जनरेटर असतो, थिएटरला यूपीएस असतं, आणि मशीनच्या पोटात स्वतःची बॅटरी असते. लाईट गेली तर बहुतेक वेळा पंपाला कळतही नाही. हे सगळं फसलं तर शेवटी हात असतो. प्रत्येक मशीनला एक हँडल अडकवलेलं असतं. पंपात बसवायचं आणि फिरवायचं, कडबाकुट्टीचं चाक फिरवतो तसं. ते एकाच दिशेनं फिरवायचं असतं, उलट नाही. बाणाची खूण असते, तरी मी माझ्याकडच्या पंपावर लाल पट्टी चिकटवून ठेवते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षीची गोष्ट, रुग्णालयाचं नाव सांगणार नाही. मे महिना, बाहेर ४५ अंश. दुपारी लाईट गेली, जनरेटर उचलेना, यूपीएस लोड न सोसून बसलं आणि मशीनची बॅटरी जुनी होती, ती मिनिटभरात मेली. थिएटरात अंधार आणि एकदम शांतता. पंपाचा आवाज थांबला की ती शांतता कानात घुसते. रुग्णाचं हृदय तेव्हा थांबलेलं होतं. मी शिरेची नळी चिमट्यानं अर्धी आवळली, हँडल बसवलं आणि फिरवायला लागले. सेकंदाला एक फेरा आणि वर थोडं. भूलतज्ज्ञांनी मोबाईलचा उजेड भांड्यावर धरला. आकडे दिसत नव्हते, दिसत होती फक्त रक्ताची पातळी. ती आहे तिथंच राहायला हवी, एवढंच डोक्यात होतं. एका सिस्टरनं मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि मी तिच्या आवाजावर हात फिरवत राहिले. दंड पेटले होते. घड्याळानं चार मिनिटं झाली तेव्हा लाईट आली. रुग्ण आठव्या दिवशी चालत घरी गेला.

त्या दिवसापासून सकाळी मशीन भरून झाली की मी भिंतीतला प्लग स्वतःच्या हातानं उपटते आणि पंप बॅटरीवर फिरत राहतो का ते बघते. हँडल जागेवर आहे का ते हात लावून बघते. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि मुलाला मी साध्या पाण्यावर पाच मिनिटं हातानं पंप चालवायला लावते. तुम्हाला विचारायचं असेल तर सर्जनना सरळ विचारा, ‘लाईट गेली तर काय सोय आहे?’ चांगला सर्जन या प्रश्नानं रागावत नाही.

झडप बसली, की परतीचा प्रवास. मी रक्त हळूहळू गरम करते. घाई केली तर मेंदूला त्रास होतो, म्हणून शरीरात जाणारं रक्त ३७ अंशांच्या वर जाऊ देत नाही. हृदयाचा डावा भाग उघडलेला होता, तिथली हवा काढायला सर्जन आणि भूलतज्ज्ञ वेळ देतात. तो वेळ मला कधीच जास्त वाटला नाही. चिमटा निघतो, हृदयात स्वतःचं गरम रक्त शिरतं आणि बहुतेक वेळा ते आपणहून थरथरायला लागतं, मग ठोके पडतात. काही वेळा छोटा विजेचा झटका द्यावा लागतो. श्वासाची मशीन परत सुरू होते. मी वेग तीन लिटरवरून दोन, दोनवरून एक असा उतरवत जाते आणि हृदय भार उचलतंय का ते बघते. उचलत नसेल तर परत चढवते, त्याला आणखी थोडा वेळ देते. ‘ऑफ बायपास’ म्हटल्यावर प्रोटामिन देऊन हेपॅरिनचा परिणाम उलटवतात. ते सुरू झालं की छातीतलं रक्त माझ्या भांड्यात ओढणं मी बंद करते, नाहीतर भांड्यातच गुठळी होईल. प्रोटामिन हे माशापासून मिळणारं औषध आहे आणि क्वचित कुणाला त्याची जोरदार ॲलर्जी येते. आईला मासे खाऊन कधी अंगावर गांध्या उठल्या असतील, किंवा साखरेसाठी इन्सुलिन चालू असेल, तर आधी सांगा. छाती शिवून होईपर्यंत माझी मशीन भरलेलीच उभी असते, परत लागली तर.

यंत्र किती जुनं, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी या मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक बंद केलं आणि २६ मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम मशीननं पेललं. त्याआधीची कित्येक वर्षं प्रयोगशाळेत त्यांच्या बरोबरीनं खपल्या त्या त्यांच्या पत्नी मेरी. त्यांचं नाव फार कुणी घेत नाही, म्हणून मी घेते.

आणखी एक गोंधळ मिटवते. गावात ‘बायपास’ म्हटलं की लोकांना रक्तवाहिन्यांची बायपास वाटते. ती आपल्याकडे बरेच सर्जन हृदय चालू ठेवूनच करतात, तेव्हा मी मशीन तयार ठेवून बाजूला बसलेली असते. झडपेला मात्र आत शिरावं लागतं, म्हणून मशीन लागतेच.

आम्ही डॉक्टर नसतो. बारावी सायन्सनंतर याच विषयाची पदवी, मग वरिष्ठांच्या हाताखाली वर्षभर तरी काम, तेव्हा कुठं एकट्यानं केस मिळते. काही ठिकाणी परफ्युजनिस्टला केसच्या दिवशी सकाळी दुसऱ्या रुग्णालयातून बोलावून घेतात आणि तो रुग्णाचा चेहरा पहिल्यांदा टेबलावरच बघतो. मीही अशा केस केल्या आहेत आणि मला ते कधीच पटलं नाही. म्हणून भरती झाल्यावर सिस्टरना सांगा, ‘मशीन चालवणाऱ्यांना भेटायचंय, किंवा निदान त्यांनी आईची फाईल आज बघावी.’ लाजू नका. आम्हाला अशी माणसं आवडतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. ऑक्सिजनेटर आणि नळ्यांचा संच एकदाच वापरायचा असतो, त्याचे पैसे कुणी वेगळे मागितले तर देण्याआधी त्यालाच विचारा. जुने सगळे कागद, एकोचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत ठेवा. गावातल्या कुणाचा काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तेही लपवू नका, आम्ही रागावत नाही. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील, स्वतःहून बंद करू नका. दात दाखवून घ्या, किडलेल्या दातातून जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात. आणि आई खर्रा किंवा तंबाखूचं मंजन घेत असेल तर आजपासून बंद.

तुम्ही लिहिलेलं ४२ किलो कधीचं आहे? झडपेच्या आजारात अंगावर सूज येते, लघवीच्या गोळ्यांनी उतरते, आणि काटा चार-चार किलोनं हलतो. माझा सगळा हिशेब, हेपॅरिनपासून पंपाच्या वेगापर्यंत, त्या एका आकड्यावर उभा असतो. भरती झाल्यावर वॉर्डातल्या काट्यावर तिचं वजन चप्पल काढून, उपाशीपोटी तुमच्या समोर करून घ्या, उंचीही मोजून घ्या, आणि दोन्ही आकडे फाईलवर चढले की नाही ते स्वतः बघा.